केबल सोडताय? आधी आजीच्या हातात रिमोट द्या

केबल काढून टीव्ही नेटवर घ्यायचा विषय घरात निघाला की पोरं लगेच विचारतात, टीव्हीच्या मागे लावून त्यावर ॲप दाखवणारी स्टिक कुठली घ्यायची. हा प्रश्न पाचव्या-सहाव्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा, की घरात टीव्ही सगळ्यात जास्त कोण बघतं आणि त्या माणसाला रिमोटवर किती बटणं दाबणं जमतं. जळगाव-भुसावळकडे, धुळ्यात, शिरपूर-शहाद्याकडे केबल सोडून दोन-तीन महिन्यांत परत केबलवाल्याला फोन लावणारी घरं मी पाहिली आहेत. त्यातल्या फार थोड्यांची तक्रार नेटबद्दल होती. बाकीच्यांकडे संध्याकाळी सातला आजीची मालिका लावून द्यायला घरात कोणी नसायचं, एवढंच.

म्हणून खाली सगळं त्या क्रमाने लिहिलं आहे. केबल बंद करणं सर्वांत शेवटी येतं. तोवर केबल आणि नेट दोन्ही चालू राहू द्या. एखाद्या महिन्याचा खर्च दुहेरी होईल, तो होऊ द्यावा.

वही घेऊन बसा

एखाद्या रात्री जेवणं झाली की घरातल्या प्रत्येकाला विचारून लिहा: कोण, कुठलं चॅनल, किती वाजता. "आम्ही सगळंच बघतो" हे उत्तर धरू नका. डब्यावर दोनशेच्या वर चॅनल दिसतात, पण लिहायला बसलं की यादी आठ-दहाच्या पुढे सहसा जात नाही.

आता प्रत्येक चॅनलसमोर ॲपचं नाव लिहा. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी दोन्ही जिओहॉटस्टारवर आहेत. पूर्वी हॉटस्टार आणि जिओसिनेमा अशी दोन वेगळी ॲप होती, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये एक झाली, तेव्हा जुन्या नावाने शोधत बसू नका. झी मराठी झी५वर, सोनी मराठी सोनी लिव्हवर, सन मराठी सन नेक्स्टवर. सह्याद्री आणि दूरदर्शनची इतर चॅनलं प्रसार भारतीच्या वेव्हज या ॲपवर मिळतात, ते नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. बातम्यांसाठी एक रुपयाही द्यायची गरज नाही: एबीपी माझा, टीव्ही९ मराठी, साम टीव्ही यांचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर फुकट असतं. कीर्तनं, अहिराणी गाणी, अहिराणी कॉमेडी हे तर आधीपासूनच यूट्यूबचं काम आहे, केबलवर ते कधी धड मिळालंच नाही.

क्रिकेटचं जरा नीट समजून घ्या. आयपीएल जिओहॉटस्टारवर, भारतात होणाऱ्या भारताच्या मालिकाही तिथेच. आशिया चषक सोनी लिव्हवर. परदेश दौऱ्यांचे हक्क मात्र दौऱ्यागणिक फिरतात. त्यामुळे "क्रिकेटचं ॲप" म्हणून वर्षाचे पैसे आधीच भरू नका, त्या दौऱ्याच्या आठवड्यात बघा कुठे आहे ते.

एक गोष्ट मात्र कुठल्याच ॲपवर मिळणार नाही, ती म्हणजे गावातल्या केबलचं स्वतःचं चॅनल. गणपती विसर्जनाची मिरवणूक, कानबाईच्या उत्सवाची गर्दी, खालच्या पट्टीवर सरकणाऱ्या दुकानांच्या जाहिराती आणि निधनवार्ता. घरातले आबा ते चॅनल बघत असतील तर तुमच्या गावाचं कोणी यूट्यूबवर हे टाकतं का ते आधी शोधा. बऱ्याच तालुक्यांत आता टाकतात. नसेल तर त्यांना तसं सांगून टाका. नंतर कळलं तर राग येतो.

यादी पूर्ण झाली की पैसे लागणाऱ्या ॲपवर बोट ठेवा. सुरुवातीला एक, फार तर दोन. तिसऱ्याचं नाव कोणी काढलं तर पुढच्या महिन्यावर ढकला.

पैसे खरंच वाचतात का?

फक्त टीव्हीसाठी नवीन नेट घेत असाल तर बहुधा वाचत नाहीत. जाहिरातीत ३९९ लिहिलेला फायबरचा प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून ४७१ रुपयांना पडतो. त्यावर एका ॲपचे पैसे. समोर केबल ३५० रुपयांची असेल तर हा सौदा तोट्याचाच आहे.

पण पोरांच्या अभ्यासाला, ऑनलाइन फॉर्म भरायला, पुण्याला असलेल्या मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलायला घरात वायफाय आधीच आलं असेल, तर चित्र उलटं होतं. नेटचे पैसे तर जातातच आहेत. मग केबलचे साडेतीनशे रुपये वरखर्च ठरतात आणि त्यातल्या निम्म्यात एखादं ॲप बसतं. खान्देशातल्या ज्या घरांना हा बदल परवडला ती जवळजवळ सगळी अशीच आहेत.

तिसराही एक मार्ग आहे, तो कोणी सुचवत नाही कारण त्यात कोणाचा धंदा नाही: केबल ठेवा, पण पॅक कापा. केबलच्या बिलात दोन भाग असतात, एक नेटवर्कचं भाडं आणि दुसरे पैसे लागणाऱ्या चॅनलांचे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायची, म्हणजे केबलचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची, नवी पद्धत लागू झाली तेव्हा नेटवर्कचं भाडं जास्तीत जास्त १३० रुपये ठरवलं होतं, जीएसटीसह १५३ रुपये ४० पैसे. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादा काढून टाकली, त्यामुळे आता भाडं ज्याचं त्याचं. पण चॅनल निवडायचा हक्क तुमचाच आहे. केबलवाल्याकडून बिलाची फोड मागा आणि वहीतल्या यादीत नसलेली चॅनलं काढायला सांगा. कधीकधी एवढ्यावरच विषय संपतो, आणि हा लेख इथेच बंद करायला हरकत नाही.

नेट: रात्री नऊला, टीव्हीच्या शेजारी उभं राहून

बाकीच्यांनी पुढे वाचा. आता नेट तपासायचं. फायबरवाला जोडणी देताना राऊटरला चिकटून उभा राहतो आणि मोबाईलवर मोठा आकडा दाखवतो. तो आकडा खरा असतो, पण तुमच्या उपयोगाचा नसतो. तुम्ही रात्री नऊच्या सुमारास, सगळं गाव नेटवर असताना, टीव्ही जिथे आहे तिथे मोबाईल धरून फास्ट डॉट कॉम ही नेटचा वेग दाखवणारी साइट उघडा. एका टीव्हीवर स्वच्छ एचडी चित्राला ५ एमबीपीएस पुरतात. ४के टीव्हीवर ४के बघायचं तर १५ ते २५ धरा. घरात एकाच वेळी दोन मोबाईल आणि एक टीव्ही चालत असेल तर ३० चा प्लॅन बास. शंभर आणि दोनशेचे प्लॅन सांगणाऱ्याला विचारा, भाऊ, आमच्या घरात माणसं किती आहेत?

डेटाचा हिशोबही करा. एचडी चित्र तासाला दोन ते तीन जीबी खातं. मोबाईलच्या रिचार्जवर दिवसाला मिळणारे दीड-दोन जीबी म्हणजे फार तर तासभराचा टीव्ही. म्हणून "हॉटस्पॉटवर चालवू" हा विचार सोडा. तो एखाद्या मॅचच्या शेवटच्या पाच षटकांपुरता ठीक आहे. रोज पाच तास टीव्ही चालणाऱ्या घरात महिन्याला तीनशे ते साडेचारशे जीबी लागतात. फायबरच्या प्लॅनची मर्यादा सहसा याच्या कितीतरी वर असते, पण घेण्याआधी विचाराच, कारण मर्यादा ओलांडली की नेट रांगायला लागतं.

जमिनीवरून किंवा खांबावरून आलेला फायबर मिळत असेल तर तोच घ्या. गच्चीवर डबा लावून ५जीवर चालणारं एअरफायबर हा दुसरा पर्याय. टॉवर समोर दिसत असेल तर ते छान चालतं, मध्ये इमारत किंवा दाट झाडी असेल तर भरवसा नाही. आणि तिसरा पर्याय अनेकांच्या डोक्यातच येत नाही: तुमचा केबलवालाच. खान्देशातल्या पुष्कळ गावांत केबलवाल्यांनी स्वतः फायबर ओढला आहे. त्याच्याकडे मोठ्या कंपनीसारखी चकचकीत ॲप नसतील, पण वायर तुटली तर तो अर्ध्या तासात मोटारसायकलवर येतो. कंपनीच्या हेल्पलाइनवर त्याच वेळात तुम्ही "एक दाबा, दोन दाबा" करत असता. माझं मत विचाराल तर लहान गावात नेट त्याच्याकडूनच घ्यावं.

राऊटर कुठे बसवायचा हे फायबरवाल्यावर सोडू नका. तो दारातून आत आल्यावर पहिलं मोकळं प्लग पॉइंट दिसेल तिथे बसवून जातो. आपल्याकडची जुनी धाब्याची घरं आठवा: हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती. उन्हाळ्यात गारवा देणारी ती भिंत वायफायला मात्र पलीकडे जाऊ देत नाही. राऊटर ओसरीत आणि टीव्ही मधल्या घरात असेल तर मोबाईलवर वायफायच्या काड्या दिसतील आणि टीव्हीवर मात्र गोल गोल फिरत राहील. म्हणून वायर टीव्हीच्या खोलीपर्यंत ओढून घ्या. थोडी वायर जास्त लागली तर तिचे पैसे द्या, ते कायमचे वसूल होतात. वायर कोपऱ्यात काटकोनात दुमडू देऊ नका, आतली काच तडकते.

राऊटर वायफायची दोन नावं दाखवतो, त्यातल्या एकाच्या शेवटी बहुधा "५जी" असं असतं. त्याचा मोबाईलच्या ५जीशी काही संबंध नाही. ते ५ गिगाहर्ट्झचं वायफाय आहे, वेगवान पण भिंतीपुढे हरणारं. टीव्ही त्याच खोलीत असेल तर ते निवडा. मध्ये भिंत असेल तर दुसरं, २.४ चं.

आणखी एक छोटी खूण पाठ करून ठेवा. फायबरच्या डब्यावर "लॉस" नावाचा दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर बाहेर कुठेतरी वायर तुटली आहे. गावात गटारीसाठी जेसीबी फिरत असेल तर कारणही कळलंच. अशा वेळी डबा बंद-चालू करून, स्टिक उपटून, टीव्ही रिसेट करून काही होत नाही. सरळ लाइनमनला फोन करा.

धडगाव, अक्कलकुवा भागात, सातपुड्याच्या पाड्यांवर किंवा जिथे मोबाईलची रेंजच झाडावर चढून घ्यावी लागते, तिथे हे काहीच करू नका. तिथे दूरदर्शनची फ्री डिश उत्तम. ती डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, छत्री आणि डब्याचे पैसे एकदाच द्यायचे, दर महिन्याचं रिचार्ज नाही. सह्याद्री दिसते, बातम्या दिसतात, सिनेमे दिसतात. बाकी मालिका मोबाईलवर रेंज मिळेल तेव्हा.

टीव्हीच्या मागे हात घालून बघा

नवीन टीव्ही घ्यायला धुळ्याच्या दुकानात जाण्याआधी घरातला टीव्ही भिंतीपासून थोडा ओढा. मागे किंवा कडेला एचडीएमआयचं चपटं, दोन्ही कोपरे कापल्यासारखं भोक असेल तर तुमचं काम झालं. साध्या टीव्हीला स्टिक लावली की तो स्मार्ट होतो. आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला "स्मार्ट" टीव्ही असेल आणि त्यात नवीन ॲप येत नसतील, तरीही टीव्ही बदलू नका, स्टिकच लावा.

जुना पेटीसारखा टीव्ही असेल, मागे पिवळी, लाल, पांढरी अशी तीन भोकं असतील, तर बाजारात एक कन्व्हर्टर मिळतो. तो लावून चित्र कसंबसं येतं, पण ॲपमधली अक्षरं वाचता येत नाहीत. त्यावर पैसे घालू नका. त्या टीव्हीला फ्री डिश जोडा आणि मागच्या खोलीत ठेवा.

स्टिक की डबा?

इथे मी स्पष्ट बाजू घेतो. घरात साठीच्या पुढचं माणूस टीव्ही बघत असेल तर नुसती स्टिक घेऊ नका. नेटच्या कंपनीचा टीव्ही डबा मागा. जिओफायबर, एअरटेल, बीएसएनएल हे सगळे आता नेटवरून थेट चॅनल देतात. अशा सेवेत चॅनल ओळीने येतात, केबलसारखं वर-खाली करता येतं. ॲप उघडा, आपलं नाव निवडा, शोधा, मग मालिका निवडा, मग भाग निवडा, ही सगळी कटकट वाचते. कुठलं मराठी चॅनल कुठल्या प्लॅनमध्ये येतं ते मात्र वहीतली यादी समोर धरून एकेक विचारा. "सगळे चॅनल आहेत" या उत्तरावर सही करू नका. शक्य असेल तर त्याच गल्लीत ज्याच्याकडे तो डबा आहे त्याच्या घरी जाऊन पाच मिनिटं बघून या.

घरात सगळे तिशी-चाळिशीतले असतील तर स्टिक बरी. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक किंवा गुगल टीव्हीवर चालणारी कुठलीही नावाजलेली घ्या. त्यातली स्वस्त आणि महाग यांत साध्या एचडी टीव्हीवर फार फरक दिसत नाही.

एका वस्तूपासून मात्र लांब राहा. बाजारात "सगळे चॅनल आयुष्यभर फुकट" म्हणून बिननावाचे अँड्रॉइड डबे विकतात. त्यात चोरून घेतलेली चॅनलं असतात, ती आज दिसतात आणि मॅचच्या दिवशी गायब होतात. खऱ्या ॲपनाही अशा डब्यावर बऱ्याचदा धूसर चित्रच मिळतं, कारण डब्याला मान्यता नसते. आणि यापेक्षा वाईट: जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने इशारा दिला होता की असे स्वस्त बिननावाचे डबे आतूनच बिघडवलेले असू शकतात आणि घरचं नेट गुन्हेगारांच्या कामाला वापरलं जाऊ शकतं. त्याच वायफायवर तुमचं फोनपे चालतं, हे लक्षात घ्या.

जोडणी

यात अवघड काही नाही, फक्त क्रम चुकवू नका.

१. टीव्ही बंद करून स्टिक एचडीएमआयमध्ये घाला. जागा अपुरी असेल तर खोक्यात आलेली छोटी जोडवायर वापरा. त्याने स्टिक टीव्हीच्या गरम पाठीपासून थोडी लांबही राहते. भुसावळच्या मे महिन्यात हे कामी येतं.

२. स्टिकची वायर टीव्हीच्या यूएसबीत लावायचा मोह होतो. तिथून पुरेसा करंट मिळेलच असं नाही, मग स्टिक मध्येच बंद-चालू होते. सोबत आलेला ॲडाप्टर भिंतीतल्या प्लगला लावा.

३. टीव्ही चालू करून टीव्हीच्या रिमोटवरचं "सोर्स" किंवा "इनपुट" बटण दाबा आणि ज्या भोकात स्टिक घातली तो एचडीएमआय निवडा. "स्टिक लावली पण काहीच दिसत नाही" या तक्रारीचं कारण जवळजवळ नेहमी हेच असतं.

४. रिमोटमध्ये सेल घाला, पडद्यावर सांगेल ते बटण दाबून रिमोट जोडा, वायफाय निवडा, पासवर्ड टाका. पासवर्ड राऊटरच्या बुडाला चिकटवलेला असतो. त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे दर वेळी राऊटर उलटा करायला नको.

५. खातं उघडायला एक ईमेल लागेल. घरातल्या ज्या माणसाचा नंबर बदलत नाही त्याच्या नावाने उघडा. शिकायला बाहेरगावी गेलेल्या पोराच्या नंबरवर उघडलं की प्रत्येक ओटीपीसाठी त्याला लेक्चरमधून उठवावं लागतं.

६. पहिल्यांदा चालू झाल्यावर स्टिक अर्धा तास स्वतःला अपडेट करत बसते. तिला बसू द्या. मध्ये प्लग काढू नका.

जोडणी करताना पडद्यावर कोड येतो आणि तो मोबाईलवर टाकायला सांगतात. इथे फसवणूक होते. कोड टाकायची साइट गुगलवर शोधली की कधीकधी वर खोट्या साइट येतात. त्यांच्यावर "ॲक्टिव्हेशन अडकलंय, या नंबरवर फोन करा" असं लिहिलेलं असतं. फोन केला की पलीकडचा गोड बोलून ॲक्टिव्हेशनचे पैसे मागतो किंवा मोबाईलवर एखादं ॲप टाकायला लावून पडदा बघतो. स्टिक चालू करायला वेगळी फी लागत नाही. पत्ता पडद्यावर दिसतो तोच, अक्षर न अक्षर, स्वतः टाइप करा. आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवरून कधीच उचलू नका.

ॲपचे पैसे भरताना

सर्वांत जास्त लोक "मोबाईल" प्लॅनवर फसतात. तो स्वस्त दिसतो, भरला जातो, आणि टीव्हीवर लावायला गेलं की चालत नाही. नावातच लिहिलंय, तो फक्त मोबाईलवर चालतो. मोबाईलच्या रिचार्जसोबत फुकट मिळणारं सबस्क्रिप्शनही बरेचदा याच जातीचं असतं. पैसे भरण्याआधी "टीव्हीवर चालेल का" आणि "एका वेळी किती पडद्यांवर" या दोन ओळी शोधून वाचा. एकाच पडद्याचा प्लॅन असेल आणि पासवर्ड अमळनेरच्या ताईलाही दिला असेल, तर फायनलच्या दिवशी दोघांपैकी एकाचा टीव्ही बंद पडणार.

वर्षाचा प्लॅन महिन्यांच्या हिशोबाने स्वस्त पडतो. पण पहिल्यांदा कमीत कमी मुदतीचाच घ्या. आजीच्या मालिकेचं ॲप वर्षभर लागणार हे नक्की झालं की मग वर्षाचा. क्रिकेटसाठी घेतलेलं ॲप आयपीएल संपल्यावर, मेअखेर, बंद करून टाका.

बंद करणं म्हणजे ॲप डिलीट करणं नव्हे. ॲप काढलं तरी पैसे कटत राहतात. ऑटोपे थांबवावं लागतं. फोनपे किंवा गुगल पेमध्ये "ऑटोपे" नावाचा भाग असतो, तिथे सगळी यादी दिसते आणि तिथूनच रद्द करता येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कटण्याच्या २४ तास आधी तुम्हाला मेसेज यायला हवा. तो येतो, आपणच वाचत नाही.

आता आजीचा रिमोट

केबलच्या रिमोटवर आजी तीन गोष्टी करते: लाल बटण, आवाज आणि आकडा. स्टिकच्या रिमोटवर आकडे नसतात, तिथेच गाडी अडते.

पहिलं काम, होम स्क्रीन रिकामी करा. सुरुवातीला तिथे पन्नास चित्रं नाचत असतात. हवी ती दोन-तीन ॲप ओढून पहिल्या रांगेत, पहिल्या जागांवर आणा. नको ती काढा. आजीला चित्राचा रंग आणि जागा लक्षात राहते, नाव वाचायला लावू नका.

दुसरं, रिमोटवर खुणा करा. नेलपॉलिशचा एक ठिपका घराचं चित्र असलेल्या बटणावर, दुसरा मधल्या गोल बटणावर. नियम एकच सांगा: कुठेही हरवलीस तर ठिपक्याचं घर दाब, पहिल्या जागी येशील. जिथे हरवतो तिथून परत यायचा रस्ता माहीत असला की म्हातारं माणूस घाबरत नाही. एरवी "माले जमत नही" म्हणून रिमोट बाजूला ठेवला की पुन्हा हातात घेत नाही.

माईकचं बटणही शिकवा. रिमोटने एकेक अक्षर निवडून टाइप करणं हा तरुणांचाही छळ आहे. बटण दाबून धरायचं आणि फक्त चॅनलचं किंवा मालिकेचं नाव बोलायचं, वाक्य नाही. "जरासं स्टार प्रवाह लायी दे वं" असं अहिराणीत सांगितलं तर रिमोट भलतंच काहीतरी लावतो. नुसतं "स्टार प्रवाह" म्हटलं की ठीक.

नेटवर मालिका वेळेला बांधलेली नसते, दुसऱ्या दिवशी दुपारीही कालचा भाग लागतो. ही सोय आजीला सांगून पटत नाही, एकदा लाईट गेलेल्या रात्रीचा भाग सकाळी लावून दाखवला की पटते. त्यानंतर शेजारच्या मावशीही येऊन बसतात.

क्रिकेटवाल्यांना मात्र एक कडू घोट गिळावा लागेल. नेटवरचं थेट प्रक्षेपण केबलच्या मागे असतं, काही सेकंद, कधी अर्ध्या मिनिटापर्यंत. शेजारी केबल असेल तर सिक्सर तुम्हाला त्यांच्या ओरडण्यावरून कळणार. मॅचच्या वेळी मोबाईलवरच्या स्कोअरच्या सूचना तरी बंद ठेवा. शेजाऱ्याला काही करता येत नाही.

लाईट गेली की

लाईट गेल्यावर राऊटर बंद, म्हणजे नेट बंद. घरात इन्व्हर्टर असेल तर राऊटरचा प्लग त्याच्या लाइनवर घ्या. नसेल तर राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, डब्याएवढाच. घेताना राऊटरच्या ॲडाप्टरवरचे आकडे बघून घ्या, बहुधा १२ व्होल्ट असतात, आणि यूपीएसवरही तेच हवेत. टीव्ही त्यावर चालणार नाही, पण मोबाईलवर बघता येतं. राऊटर फ्रिजच्या किंवा स्टॅबिलायझरच्या डोक्यावर ठेवू नका.

केबल बंद करायचा दिवस

घरातले सगळे एकदम लग्नाला किंवा शेतावर गेले आणि आजीने एकटीने तिची मालिका लावून बघितली, की समजा वेळ झाली. तोपर्यंत कितीही घाई झाली तरी थांबा. दिवाळीच्या आठवड्यात आणि मोठ्या मॅचच्या तोंडावर तर हे करूच नका. पाहुणे आले की प्रत्येकजण रिमोट हातात घेतो आणि बसवलेली घडी विस्कटते.

केबलवाल्याला फोनवर "बंद कर" म्हणून सोडू नका. डबा भाड्याचा आहे की विकत घेतलेला, हे जुन्या पावतीवर बघा. भाड्याचा असेल तर डबा, त्याचा रिमोट आणि ॲडाप्टर तिन्ही परत द्या, अनामत दिली असेल तर मागा आणि परत केल्याची पावती घ्या. डबा कपाटात पडून राहिला तर वर्षभराने त्याचे पैसे मागायला माणूस येतो, आणि तेव्हा कोणाजवळच कागद नसतो. पुढच्या महिन्याचं रिचार्ज आधीच झालं असेल तर तो महिना संपेपर्यंत थांबलेलं बरं.

त्याच्याशी भांडून मात्र सोडू नका. नेट त्याच्याकडून घेतलं असेल तर उद्या वायर तुटल्यावर तोच येणार आहे. नसलं घेतलं, तरी घरात दुसरा टीव्ही असेल तर त्याला लागणारी फ्री डिशची छत्री बसवून द्यायला गावात बहुतेक तोच एक माणूस असतो. छत्री बसवायला तो गच्चीवर चढला की जुनी केबलची वायरही त्याच्याकडूनच उतरवून घ्या.